एकतीस सी

पायांची सूज आज चौथ्या दिवशी उतरली. राग अजून घोट्याशीच आहे.

मुंबई ते लंडन, वेळापत्रकात ९ तास ५० मिनिटं. तिकीट लेकीनं काढलं होतं, जागा मात्र मी माझ्या पैशानं घेतली. ४,१०० रुपये, फक्त जायचे. ३१ सी, कडेची. माझा डावा गुडघा फार वेळ वाकवून ठेवला की रुसतो आणि दर दोन तासांनी मला उठावं लागतं. याहून जास्त खुलासा करणार नाही. एवढ्या पैशांत डोंबिवली ते सीएसएमटी सेकंड क्लासचा वर्षाचा पास निघतो, हा हिशेब आमच्या ह्यांनी विमानतळावर सोडताना ऐकवला. ते स्वतः गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मागे राहिलेत.

तर मी ३१ सी पाशी पोचले आणि ३१ सी मध्ये एक बाई बसलेल्या होत्या.

बसलेल्या कसल्या, नांदत होत्या. चपला काढून खुर्चीखाली जोडीनं लावलेल्या. मांडीवर शाल. समोरच्या खिशात चष्म्याचं घर, बडीशेपेची पुडी आणि जपमाळ. मी बोर्डिंग पास पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, लग्नपत्रिका बघतात तसा मागून-पुढून बघितला आणि पसंत पडल्यासारखी मान हलवून परत दिला.

"ही माझी जागा आहे," मी म्हटलं.

"काका बघतायत," त्या म्हणाल्या.

कोणाचे काका, हे विचारायच्या आत मागून कोणाची तरी बॅग माझ्या पोटरीवर आदळली आणि मी दोन ओळी पुढे, थेट काकांपुढेच जाऊन उभी राहिले.

उंची जेमतेम पाच फूट. अंगात हाताने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. हातात इतरांच्या बोर्डिंग पासांची चळत, रमीच्या पानांसारखी पंखा करून धरलेली. भोवती सात-आठ माणसं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात उभं असल्याचा भाव. एकानं तर टोपी काढून हातात घेतली होती.

"या ताई. एकतीस सी ना? तुमचंच बघतोय."

"माझं बघण्यासारखं काही नाही. जागा माझी आहे, मला बसायचंय."

"बसायचंच आहे की सगळ्यांना. उभ्यानं कोण जाणार आहे? ही काय एसटी आहे?" मग आवाज जरा खाली आणून, गुपित सांगावं तसं: "पस्तीस वर्षं एसटीत काढली. सातारा डेपो. कंट्रोलर. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सोडल्यात, रातोरात. त्यापुढं ही एक गाडी म्हणजे काय?"

विमानाला ते शेवटपर्यंत गाडीच म्हणाले. वैमानिकाला डायव्हर.

"आता ऐका," त्यांनी एक पान ओढून काढलं. "त्या बाई कोल्हापूरच्या. त्यांच्या शेजारी बी मध्ये बसल्यात त्या नाशिकच्या. दोघी एकत्र आहेत. कोल्हापूरवाल्यांची जागा आली पार मागं. आता तुम्हीच सांगा, फोडायची का जोडी?"

"एकत्र म्हणजे बहिणी आहेत?"

"छे."

"विहिणी?"

"नाही हो."

"मग एकत्र कधीपासून?"

"इमिग्रेशनच्या लायनीपासून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना माझ्या चेहऱ्यात काही कमी दिसलं असावं, कारण त्यांनी आणखी पुरावे मांडले. "दोघी लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात. दोघींची पहिली खेप. दोघींना व्हीलचेअर. दोघींच्या बॅगेत डिंकाचे लाडू. ह्याच्यापेक्षा एकत्र काय असतंय, ताई?"

"मी ४,१०० रुपये भरलेत त्या जागेचे."

"जागेचे?" काकांचा खरोखर विश्वास बसला नाही. भोवतीच्या माणसांकडे वळून ते म्हणाले, "ताईंकडून जागेचे वेगळे पैसे घेतले." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. टोपीवाल्यानं "अरारा" म्हटलं. माझा खिसा कापला गेलाय आणि पोलिसांनी पंचनाम्यात मलाच बावळट म्हणून नोंदवलंय, असं मला वाटायला लागलं.

"तुमची काय सोय केली?" मी विचारलं.

"आपल्याला काय, कुठंही चालतंय," म्हणत काका मागे सरकून आपल्या जागेवर टेकले. ती दाराजवळची ओळ होती. तिच्यापुढे दुसरी खुर्चीच नसते. पुढे एवढी मोकळी जागा की तिथं चार बायका मांडी घालून पापड लाटतील. ह्या जागेला विमान कंपनी सगळ्यात जास्त पैसे लावते. माझ्या स्क्रीनवर तिचा आकडा बघून मी ॲप बंद करून पाणी पिऊन आले होते.

"काउंटरवरच्या पोराला म्हटलं, बाळा, पाय लांब आहेत," काका म्हणाले. "दिली त्यानं."

फुकट. आणि ते बसले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पाळण्यातल्या बाळासारखे अधांतरी, जरा हलत होते. हे दृश्य मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी आली. मला वाटलं, आली सरकारी मदत. ती काकांशीच बोलली. दाराजवळ बसणाऱ्याला विचारावंच लागतं: "सर, इमर्जन्सीमध्ये तुम्ही क्रूला मदत कराल का? तोंडी हो म्हणावं लागेल."

"पोरी," काका म्हणाले, "मगापासून दुसरं काय करतोय?"

मग ती माझ्याकडे वळून गोड हसली. "मॅम, पॅसेंजर्सनी आपसात ठरवलं तर आम्हाला काही प्रॉब्लेम नाही."

आता इथं थांबून मला माझी पात्रता सांगावी लागेल, कारण तुम्हाला वाटेल ही कोणी भिडस्त, घरबशी बाई असेल.

मी २८ वर्षं डोंबिवलीहून फोर्टला लोकलनं गेले. लेडीज सेकंड क्लास, सकाळची फास्ट. ज्यांनी तो डबा पाहिलेला नाही त्यांना जागा मिळवणं म्हणजे काय ते कळायचं नाही. तिथं कोणी जागेवर झडप घालत नाही. तिथं आरक्षणाची पद्धत आहे, कुठल्याही ॲपपेक्षा पक्की. आत शिरायचं आणि बसलेल्या बाईला एकच शब्द विचारायचा: "कुठे?" ती म्हणते, "घाटकोपर." पुढचा प्रश्न: "कोणाला सांगितलीय?" ती हनुवटीनं एक हिरवी साडी दाखवते. मग हिरव्या साडीला विचारायचं, "तुमच्यानंतर मी?" हिरवी साडी दादरला उतरणार असते, म्हणजे दादरपासून पुढे आपलं राज्य. हे सगळं तोंडी, एकही कागद नाही, आणि २८ वर्षांत हा शब्द मोडलेला मी दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा मारामारी झाली.

जागा धरण्याचाही कायदा आहे. पिशवी, रुमाल, छत्री, एकदा तर नुसती गजऱ्याची पुडी. बाकावर काही ठेवलं की जागा गेली. एका दसऱ्याला, डब्याला झेंडूची तोरणं लावलेली असताना, एका नवख्या मुलीनं कोणाची तरी पिशवी उचलून वर रॅकवर ठेवली आणि बसली. तिला उठवलं मीच. तिला सुनावलेलं माझं वाक्य पुढे आमच्या डब्यात म्हणीसारखं वापरलं जायचं: "पिशवी बसली म्हणजे माणूस बसलं."

अशी मी. आणि मी काकांपुढे हरले. का, हे गेले चार दिवस शोधते आहे. लोकलमध्ये भांडायला घाम असतो, गर्दी असते, कोणी कोणाला पुन्हा तोंड दाखवायचं तर उद्याच, आणि उद्या सगळं विसरलेलं असतं. विमानात मंद संगीत चालू असतं. सगळे हळू बोलतात. मागे खोळंबलेले लोक उसासे टाकत नाहीत, सौजन्यानं हसतात, आणि त्या हसण्यानं माणूस खचतो. भीड भिकेची बहीण असं माझी आई म्हणायची. ती बहीण विमानात हमखास भेटते.

शिवाय काकांनी मला मधली जागा देऊ केलीच नव्हती, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणाले, "तुम्हाला ३७ एच. ती पण कडेचीच. कडेला कडा, फिट्टंफाट." मी हो म्हटलं. ३७ एच पाशी गेले तर तिथं एक तरुण बाप बाळाचं सामान रचत होता. "काकांनी दिली," तो म्हणाला. शेजारी बायको, तिच्या कडेवर बाळ. त्याच्या मूळच्या जागेवर, ३९ डी, एक आजोबा होते, त्यांनाही काकांनीच दिलेली, त्यांच्या दुखऱ्या पायासाठी. आजोबांची जागा कुठली, तर तिथं तो टोपीवाला. संगीत खुर्चीत निदान गाणं तरी असतं. शेवटी जी एक जागा उरली ती ४१ ई, म्हणजे कोल्हापूरच्या बाईंचीच मूळची. मधल्या रांगेतली मधली, शेवटून दुसरी ओळ, मागे संडास. मी मागे वळून पाहिलं. काकांनी दुरूनच अंगठा वर केला: गाडी भरली, बेल द्या.

४१ ई बद्दल थोडं. माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप असते, ब्लाउजच्या मापांची सवय. मी मोजलं. दोन हातांच्या मध्ये सतरा इंच. उजवीकडच्या गृहस्थांचं कोपर त्यातलं दीड इंच खात होतं, उरले साडेपंधरा. डावीकडे एक मुलगा, कानावर हेडफोन चढवून पट्टा लावायच्या आधीच झोपलेला, त्यामुळे उठायचं तर त्याच्या झोपेवरून उडी. हे विमान ड्रीमलायनर, बोइंग ७८७. एका ओळीत तीन-तीन-तीन, नऊ खुर्च्या. इकडे येऊन पाय गरम पाण्याच्या टबात बुडवून बसले होते तेव्हा वाचलं, की याच ७८७ मध्ये जपान एअरलाइन्स परदेशी मार्गांवर एका ओळीत आठच बसवते. दोन-चार-दोन. म्हणजे विमानाचा पत्रा तेवढाच, फक्त बाकीच्यांनी नववी घुसवलीय.

हे वाचताच मला ओळख पटली. ही आपली चौथी सीट! लोकलचा बाक तिघींचा. चौथी येते, "जरा सरकून घ्या" म्हणते आणि एका मांडीवर टेकते, दुसरी मांडी पॅसेजमध्ये. फरक एवढाच, की चौथ्या सीटवर बसणारीला आपण अर्धीच बसलोय हे माहीत असतं आणि त्याबद्दल तिच्याकडून कोणी जादा पैसे घेत नाही.

टबात पाय असतानाच पुढचंही वाचलं. २०१८ साली अमेरिकेच्या संसदेनं त्यांच्या विमान-प्रशासनाला कायद्यानंच सांगितलं, खुर्चीचं किमान माप ठरवा. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीत ७२० माणसं बोलावून त्यांना खुर्च्यांतून उठून बाहेर पळायला लावलं. अपघातात विमान ९० सेकंदांत रिकामं होऊ शकलं पाहिजे असा नियम आहे. माणसं सगळी धडधाकट आणि साठीच्या आतली. आमच्या विमानातून त्यांनी कोणाला निवडलं असतं, कोण जाणे. एकट्या आमच्या दारात व्हीलचेअर्सची अशी रांग होती की माघी गणपतीची मिरवणूक वाटावी. मग २०२२ मध्ये त्यांनी जनतेकडून सूचना मागवल्या, हजारोंनी आल्या. माप काही ठरलं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगसारखंच आहे हे.

पण मापापेक्षा मला जास्त झोंबतं ते निराळं. पूर्वी काउंटरवरची व्यक्ती विचारायची, "खिडकी की कडेची?" त्यात काही औदार्य नव्हतं, नुसती विचारपूस होती. आता खिडकीला भाव, कडेला भाव, पुढे बसायला भाव, पाय लांब करायला भाव. ज्यानं पैसे भरले नाहीत त्याचं कुटुंब संगणक दाण्यांसारखं विमानभर उधळून टाकतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान आई किंवा बापाच्या शेजारी बसवा, असा आदेश आपल्या विमान-प्रशासनाला, डीजीसीएला, २०२४ साली काढावा लागला. हे आदेशानं सांगावं लागलं! आणि बाळंतपणाला निघालेल्या, पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवणाऱ्या, घाबरलेल्या बाईसाठी तर कुठलाच आदेश नाही. तिनं काय करायचं? तिनं काका शोधायचा. म्हणजे विमान कंपनी जागा विकून मोकळी, आणि आत गाडाभर माणसं एकमेकांकडे दयेची भीक मागतायत, आणि ज्यानं पैसे भरलेत तोच सगळ्यांच्या नजरेत खलनायक. कोल्हापूरच्या बाईंवर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण तो भडंगामुळे कमी झाला. भडंगाकडे मी येतेच.

पहाटे दोनला उडालेल्या विमानात साडेतीनला जेवण आलं. ही वेळ कोणी ठरवली असेल? साडेतीनला आपल्याकडे फक्त दूधवाले आणि चोर जागे असतात. तर जेवणाची माझी वेगळी चाल होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं होतं, की खास जेवण नोंदवलं की ते सगळ्यांच्या आधी येतं. मी मालवणची, बांगड्यावर वाढलेली. तरी आधी येतं म्हणून जैन जेवण नोंदवलं.

जैन जेवण आधीच आलं. ३१ सी ला.

खास जेवणाची चिठ्ठी जागेच्या नंबरावर असते, माणसावर नसते. दहा ओळी मागून मला कोल्हापूरच्या बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "कांदा न्हाई, लसूण न्हाई, मी काय आजारी हाय का?" मग काकांचा समजुतीचा सूर. मग बराच वेळ शांतता. माझ्यापर्यंत गाडी आली तेव्हा "ओन्ली पास्ता, मॅम". तो पास्ता मी उचलला आणि समोर पाहिलं, तर काका दोन्ही हातांत ट्रे धरून, सत्यनारायणाचा प्रसाद आणावा तसे पॅसेजमधून येत होते.

"ताई, तुम्ही जैन आहात होय? बोलला नाहीत."

"मी जैन नाही."

"मग मागवलं कशाला?"

आता ह्याला काय सांगायचं? शेजारच्या कोपरवाल्या गृहस्थांनीही माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"घ्या," काका म्हणाले. "भाताला हात लावलेला नाही. फक्त फळं खाल्लीत."

मी तो भात खाल्ला. पास्ताही खाल्ला. रागात माणसाला भूक जास्त लागते.

मग दिवे मालवले. ह्या विमानाला खिडकीचं झाकण नसतं, बटण असतं. दाबलं की काच हळूहळू निळी पडते, आणि सगळ्या खिडक्यांची मुख्य कळ क्रूकडे. मला बाहेरचं काही दिसायचा प्रश्नच नव्हता. मला दिसत होती ती रांग. संडासाची रांग माझ्या ओळीपाशी वळसा घेत होती, आणि रांगेतला प्रत्येक माणूस तोल सांभाळायला हेडफोनवाल्या मुलावरून हात लांब करून माझ्या डोक्यामागची उशी पकडत होता. सोडताना ती उशी डुगडुगायची. मी मोजायला लागले. अठ्ठावीस हात झाल्यावर सोडून दिलं. दार उघडलं की उजेडाची पट्टी डोळ्यांवर, बंद झालं की तो भसकन ओढून घेतल्याचा आवाज, जणू मागे कोणी हत्ती एका घोटात सरबत पीत होता.

काका तासातासानं राउंडला यायचे. खरोखर राउंड. दोन्ही हात पाठीमागे, ओळी तपासत. "झोपला का, ताई?" एकदा त्यांनी उठवून विचारलं. मी म्हटलं, आता नाही. "पाय हलवत राहा. रक्त साकळतं. डॉक्टर सांगतात." हे खरं आहे, लांबच्या प्रवासात पाय एकाच जागी ठेवले की पोटरीत गाठ होऊ शकते. पण पाय हलवायला आधी ते कुठेतरी ठेवलेले असावे लागतात.

सात तास झाल्यावर गुडघ्यानं बंड केलं. मी मुलाच्या झोपेवरून उडी मारली (त्याला पत्ता नाही) आणि चालत पुढे निघाले. ३१ पाशी आले आणि थबकले.

३१ सी रिकामी होती.

नाशिकच्या बाई बी मध्ये तोंड उघडं टाकून घोरत होत्या, आणि ते घोरणं साधं नव्हतं, खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या मालगाडीचं होतं. माझी ४,१०० रुपयांची जागा. पुढ्यात पॅसेज. वाचायचा दिवा. हात टेकायला एक पूर्ण बाजू. मला भरून आलं. मी वाकले, आणि मग ती दिसली.

पिशवी.

कापडी, बँकेच्या कॅलेंडरबरोबर मिळते तसली. वर व्यवस्थित घडी घातलेला रुमाल.

माझा हात पुढे गेला होता, खोटं कशाला बोलू. त्याच वेळी अंधारातून आवाज आला. "ताई. ती धरलेली आहे."

काका जागे होते. पाय अधांतरी, डोळे माझ्यावर.

"पण बाई कुठायत?"

"आहेत मागं. जरा आडव्या झाल्यात. येणार आहेत."

"कधी?"

"ते काय आपण सांगणार? पण रुमाल टाकलाय, ताई." त्यांचा आवाज अगदी हळुवार झाला, मरणाची बातमी देतात तसा. "रुमालाला मान आहे. सगळं आयुष्य मी रुमालाला मान दिला. खिडकीतनं टाकलेल्या रुमालासाठी सरपंचाला उठवलंय मी."

काय बोलणार? जागा माझी, पैसे माझे, पास माझ्या पर्समध्ये, नंबर माझा. क्रूला बोलावलं असतं तर तिनं निमूट पिशवी उचलून मला बसवलं असतं. पण झेंडूच्या तोरणांखाली त्या मुलीला मी जे सुनावलं होतं ते माझ्याच कानात वाजायला लागलं, आणि काकांनी ते ऐकलेलं नसूनही त्यांच्या चेहऱ्यावर तंतोतंत तेच वाक्य होतं. ती मुलगी दिवा स्टेशनला रडत उतरली होती. तिचा चेहरा इतक्या वर्षांत मला कधी आठवला नव्हता, तो नेमका तिथं, इतक्या उंचीवर आठवायचा होता.

मी परत फिरले. ३९ व्या ओळीत, माझ्या डोळ्यांसमोर, फक्त पलीकडच्या बाजूला, तीन रिकाम्या खुर्च्यांवर कोल्हापूरच्या बाई आडव्या पसरून गाढ झोपल्या होत्या. तिन्ही खुर्च्यांच्या मधले हात वर केलेले. अंगावर तीन ब्लँकेटं. सात तास मी त्यांच्यापासून दोन ओळी मागे साडेपंधरा इंचांत बसले होते आणि मला मधल्या जागेतून ते दिसलंच नव्हतं. एकूण चार जागा त्या बाईंकडे.

उतरताना त्या स्वतः माझ्यापाशी आल्या. "तुमास्नी लई तरास झाला," म्हणाल्या, आणि भडंगाचा अर्धा किलोचा पुडा माझ्या हातात कोंबला. डोळ्यांत खरंच ओशाळलेपण होतं. कोणीतरी त्यांना नंतर सगळं सांगितलं असावं. मी म्हटलं, छे हो, त्यात काय. भडंग उत्तम आहे. लसूण सढळ. हीथ्रोला त्या आणि नाशिकच्या, दोघी व्हीलचेअरवरून माझ्या शेजारून पुढे निघून गेल्या आणि इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या मला दोघींनी हात केला.

लेकीनं दारातच विचारलं, "कडेची मिळाली ना गं?" मी पाय दाखवले.

तिच्या सांगण्यावरून कंपनीला मेल लिहिला: पैसे परत द्या. सत्तावीस ओळींचा, ऑफिसात शिकलेल्या भाषेत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांच्या नोंदीनुसार मी ३१ सी मध्येच प्रवास केलेला आहे. खाली पाच तारे, आणि प्रश्न: आपल्या निवडलेल्या जागेचा अनुभव कसा वाटला? मी एक तारा दिला. तर नवीन चौकट उघडली: परतीच्या प्रवासासाठी आत्ताच जागा निवडा. ४,६०० रुपये.

काल रात्री अनोळखी नंबरावरून मेसेज आला. बॅगा उतरवताना काकांनी अर्ध्या विमानाचे नंबर घेतले होते, त्यात माझाही. आधी सूर्योदयाचं चित्र आणि सुप्रभात, रात्री साडेनऊला. मग: "ताई पाय कसे आहेत. परतीची तारीख कळवा. एकाच गाडीत असलो तर बघतो काहीतरी."

मी फोन पालथा ठेवला. भांडी घासली. ओटा पुसला. पुन्हा फोन उचलला आणि तारीख कळवली. खाली लिहिलं, दाराजवळची असेल तर बघा.

पाठवल्यावर आठवलं, "पाय लांब आहेत" हेही लिहायला हवं होतं. तेही पाठवलं.